वीजबिलावरचे नाव आणि छतावरचे ऊन

वऱ्हाडातील कितीतरी जुन्या घरांत दरमहा एक कागद मृत माणसाच्या नावाने येतो, आणि घरातील मंडळी त्यातील रक्कम निमूटपणे भरून मोकळी होतात. अमरावतीच्या परकोटाच्या आतील बुधवारा असो की अकोल्याचे जुने शहर असो, वीजजोडणी आजोबांनी कधी काळी घेतलेली असते. पुढे आजोबा गेले, वडील गेले, २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, भिंतीवरचे मीटर दोन-तीनदा बदलले. बिलावरचे नाव मात्र तेच राहिले. लोकांच्या तोंडी अजून ‘एमएसईबी’ आहे, तसेच बिलावर अजून आजोबा आहेत. त्यात कोणाचे काही अडत नव्हते. पैसे भरले की पुरवठा चालू राहतो, आणि पुरवठा चालू असताना कागद दुरुस्त करायला कचेरीत कोण जाणार? आता मात्र अडू लागले आहे.

अडण्याचे कारण असे की, घरगुती विजेच्या बाबतीत सामान्य कुटुंबाला पूर्वी कधी मिळाली नव्हती एवढी मोठी सवलत आज उपलब्ध आहे, आणि ती त्या नावावर अवलंबून आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद तीत आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे घरटी जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान, तेही संच बसल्यावर थेट बँकेच्या खात्यात. परंतु अर्जदाराचे नाव वीजबिलावर, आधारपत्रावर आणि बँकेच्या खात्यावर एकच असावे लागते. ते न जुळल्यास अर्ज तेथेच थांबतो. छत आहे, ऊन आहे, सरकारी पैसाही आहे. अर्जदार तेवढा हयात नाही.

उन्हाविषयी वऱ्हाडातील वाचकाला नव्याने काही सांगण्याचे कारण नाही. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करावे लागले. दंगलीच्या प्रसंगी ऐकू येणारे कलम उन्हासाठी वापरण्याची पाळी आली. शिकवणीवर्गांच्या वेळा बदलण्यात आल्या, कामगारांसाठी पाणी आणि सावलीची सोय करण्याचे आदेश निघाले. अशा दिवसांत कूलर आणि पंखा या चैनीच्या वस्तू राहत नाहीत. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या घरात त्या औषधाच्या जागी असतात. आणि त्यांचे बिल जूनमध्ये हाती पडते तेव्हा शाळांची वह्यापुस्तके, गणवेश आणि शेतकरी घर असेल तर बी-बियाणे हे सर्व खर्च एकाच वेळी दारात उभे असतात.

या भागात वीज निर्माण होत नाही असेही नाही. अकोला जिल्ह्यात पारस येथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे २७० मेगावॅटचे पाच संच असलेला खाजगी प्रकल्प उभा आहे. पण औष्णिक केंद्राचे धुराडे गावाजवळ असले म्हणून गावाचे बिल कमी होत नसते. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना दर सर्वत्र एकच, आणि तो वापराच्या टप्प्यांप्रमाणे चढत जाणारा. २०२४-२५ या वर्षी पहिल्या १०० युनिटांचा दर वहन आकार धरून सहा रुपयांच्या आत होता. १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो अकरा रुपयांच्या पुढे जात होता. म्हणजे एप्रिल ते जून या तीन महिन्यांत कूलर लावणारे घर केवळ जास्त वीज वापरते एवढेच नव्हे, तर ती जास्तीची वीज जवळजवळ दुप्पट भावाने घेते. समुद्रकाठच्या घराला ज्या टप्प्यात राहता येते, तो टप्पा वऱ्हाडातील घर नाइलाजाने ओलांडते. पंख्याखाली झोपायला लागणारी ही जादा किंमत हवामानापायी द्यावी लागते. तिला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

कागदाचा खोळंबा

नाव बदलणे अशक्य नाही. मृत ग्राहकाच्या वारसाने मृत्यूचा दाखला, घराचा कागद (शहरात मालमत्ता कराची पावती किंवा आखीव पत्रिका, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८) आणि इतर वारसांची संमती जोडून अर्ज केला की ते काम होते. पण ‘इतर वारसांची संमती’ या तीन शब्दांत किती कुटुंबांचा इतिहास साठलेला असतो, हे बारमध्ये काम करणाऱ्या वकिलांना विचारावे! एक भाऊ पुण्याला कारखान्यात, दुसरा सुरतेला, बहीण नागपूरला दिलेली. घरात राहतो तो धाकटा, आणि आईच्या औषधपाण्याचे पाहतो तोही तोच. त्याने संमतिपत्रावर सह्या मागितल्या की थोरल्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की मीटर याच्या नावावर गेले म्हणजे घर याच्या नावावर गेले. बहिणीच्या सासरी तीच शंका वेगळ्या शब्दांत व्यक्त होते.

वस्तुतः ही शंका निराधार आहे. वीजबिल हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे. मीटर कोणाच्या नावावर आहे यावरून घराचा हिस्सा ठरत नाही. भाडेकरूच्या नावावरही जोडणी असू शकते, म्हणून काही तो घरमालक होत नाही. संमतिपत्रातच तसे एक वाक्य स्पष्ट लिहून ठेवले तर निम्मे तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील. परंतु हे वाक्य लिहून देणारा कोणी जवळपास असावा लागतो, आणि ते समजावून सांगणारा माणूस भावा-बहिणींना परका वाटता कामा नये, तसाच कोणा एकाच्या बाजूचाही वाटता कामा नये.

दुसरी अडचण थकबाकीची. मृत ग्राहकाकडे राहिलेली बाकी वारसांकडून वसूल होऊ शकते; परक्याने घर विकत घेतले असेल तर त्याच्यावर ती सहा महिन्यांपुरतीच येते, वारसाला मात्र ही मर्यादा लागू नाही. एखाद्या बंद पडलेल्या जुन्या जोडणीची बाकी निघेल या धास्तीने अनेकजण नावाच्या भानगडीतच पडत नाहीत. तिसरी अडचण क्षुल्लक, पण सर्वांत चिवट. जुन्या बिलांवर आडनाव आणि दोन आद्याक्षरे, आधारपत्रावर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. माणूस एकच, यंत्राला मात्र तीन माणसे दिसतात.

या बाबतीत दहा वर्षांपूर्वीच्या एका योजनेची आठवण ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी दिव्यांचे वाटप वीजबिल भरणा केंद्रांतून होऊ लागले. बाजारात तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा दिवा काही वर्षांत शंभराच्या खाली आला. देशभर या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. तिच्या यशाचे श्रेय घाऊक खरेदीला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याहून साधे एक कारण होते. दिवा घ्यायला येणाऱ्याने वीजबिल दाखवायचे होते. ते कोणाच्या नावाचे आहे, तो गृहस्थ हयात आहे की नाही, घराला वारस किती, हे कोणी विचारीत नव्हते. दिवा आणि छत यांत फरक आहे हे कबूल. ७८ हजार रुपये कोणाच्याही हाती ठेवता येत नाहीत, आणि पंचवीस वर्षे छतावर राहणाऱ्या वस्तूसाठी छताचा हक्क पाहावाच लागतो. तरीही कागद जितका कमी तितकी योजना खोल जाते, हे त्या दिव्यांनी दाखवून दिले.

कागदच कमी करता येत नसेल, तर कागद करून देणारा माणूस तरी द्यावा लागेल. शेतजमिनीच्या बाबतीत राज्याने हे केलेले आहे, आणि त्याची सुरुवात याच भागात झाली, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम हाती घेण्यात आली आणि पुढच्या महिन्यात ती राज्यभर लागू झाली. मृत खातेदारांची नावे गावच्या चावडीवर वाचायची, वारसांकडून कागद गोळा करायचे आणि सातबाऱ्यावर हयात माणसांची नावे चढवायची, असे तिचे स्वरूप होते. शेतकऱ्याने तहसीलला हेलपाटे घालण्याऐवजी यंत्रणेने चावडीवर यायचे, हा त्यातला मुख्य मुद्दा. जे सातबाऱ्याच्या बाबतीत शक्य झाले, ते वीजबिलाच्या बाबतीत अशक्य का असावे? महावितरण सूर्यघर योजनेचे मेळावे घेते, अनुदानाचे आकडे सांगते. ते आवश्यकच आहे. पण आकडा कळून नाव बदलत नाही. प्रभागाप्रभागातून, गावागावातून मृत ग्राहकांची यादी वाचणारी एखादी ‘जिवंत वीजबिल’ मोहीम झाली, तर मेळाव्यांपेक्षा अधिक छते मोकळी होतील.

हे गरीब घरांच्या बाबतीत विशेष खरे आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने महिना १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी ‘स्मार्ट’ नावाची जोडयोजना मंजूर केली; पाच लाख घरे हे तिचे लक्ष्य आहे. एक किलोवॅटच्या संचाची किंमत ५० हजार धरून केंद्राच्या ३० हजारांवर राज्य आपली भर घालते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५ हजार, इतरांना १० हजार. म्हणजे दारिद्र्यरेषेखालील घराच्या वाट्याला अवघा अडीच हजारांचा खर्च येतो. एवढ्या स्वस्तात घर विजेच्या चिंतेतून सुटत असेल तर ती मोठीच गोष्ट आहे. पण ज्यांचे मीटर आजोबांच्या नावावर, घर गावठाणातील आणि मृत्यूचा दाखला कधी काढलाच नाही, अशी घरे याच वर्गात सर्वांत अधिक. परिणामी, ज्याला सवलतीची गरज अधिक त्याच्याकडे कागद कमी, आणि ज्याच्याकडे कागदांची फाईल तयार त्याला ती गरज तुलनेने कमी, असा उलटा हिशेब होतो. साईनगर-रुक्मिणीनगरातील बंगल्यावर संच चटकन बसतो. परकोटातील घर वाट पाहत राहते.

आधी बचत, मग निर्मिती

येथे आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल, आणि ती योजनेच्या पत्रकात आढळणार नाही. सरकारचे अनुदान वीज निर्माण करण्यासाठी आहे, वाचविण्यासाठी नाही. छतावर पट्ट्या बसविल्या तर ७८ हजार. छत थंड ठेवले किंवा पंखे बदलले तर काही नाही. त्यामुळे साहजिकच सर्वांचे लक्ष पट्ट्यांकडे जाते.

एखाद्या शिक्षकाच्या घराचा हिशेब मांडून पाहावा. तीन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, उन्हाळ्यात दिवसाचे सोळा तास चालणारे. त्यांना रोज ३.६ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १०८ युनिट लागतात. बीएलडीसी मोटरचे नवे पंखे तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतात. त्यांना महिन्याला ४३ युनिट पुरतात. वाचले ६५ युनिट. घराचा वापर २३० युनिटांचा असेल तर ही सगळी बचत अकरा रुपयांच्या वरच्या टप्प्यातून होते, म्हणजे २०२४-२५ च्या दराने महिन्याला सातशेहून अधिक. तीन पंख्यांना आठ-नऊ हजार लागतील. वऱ्हाडातल्या लांबलेल्या उन्हाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ते दोन वर्षांच्या आत फिटतात. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ताऱ्यांची खूण सक्तीची झालेली असल्यामुळे दुकानात फसवणुकीचीही भीती पूर्वीइतकी नाही.

आता याच घराने संच बसवायचे ठरविले. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट देतो. २३० युनिटांच्या घराला विक्रेता तीन किलोवॅटचा संच सुचवील, कारण अनुदान तेथे सर्वांत मोठे दिसते. पंखे बदलून वापर १६५ वर आणलेल्या घराला दोन किलोवॅट भरपूर होतात. किलोवॅटचा खर्च ६० हजार धरला (माल आणि सांगाड्याची उंची यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो), तर तीन किलोवॅटच्या १ लाख ८० हजारांतून ७८ हजार वजा जाऊन १ लाख २ हजार खिशातून जातात. दोन किलोवॅटच्या १ लाख २० हजारांतून ६० हजार वजा जाऊन साठ हजारच जातात. मोठ्या अनुदानाच्या मोहाने ४२ हजार जास्त खर्च होतात. आणि जास्त निघालेली वीज सोन्याच्या भावाने विकली जाते अशीही स्थिती नाही. वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचा जो मोबदला मिळतो तो घेताना लागणाऱ्या दरापेक्षा बराच कमी असतो.

छताची गोष्टही अशीच. धाब्याच्या घरात लाकडी कडीपाटावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, आणि दुपारी त्या घरात शिरलेल्या माणसाला अंगणातले ऊन विसरायला होत असे. त्या छतांवर आज सौर संचाचे पाय रोवता येत नाहीत. उष्णतेच्या दृष्टीने जे छत सर्वांत शहाणे, तेच योजनेच्या बाहेर पडते. सिमेंटचा स्लॅब संचासाठी पात्र ठरतो, पण दिवसभर तापून रात्री दोन वाजेपर्यंत खोलीत उष्णता ओतत राहतो. त्याला मार्चमध्ये चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिला तर खोलीतला ताप उतरतो, कूलर कमी तास चालतो. अहमदाबाद शहराने आपल्या उष्मा-आराखड्यात पांढऱ्या छतांचा समावेश केला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अकोल्यासारख्या शहराला त्यांच्याहून ऊन कमी आहे असे कोणी म्हणणार नाही.

बचतीला अनुदान देण्याची कल्पना अव्यवहार्य आहे असेही नाही. तेलसंकटानंतर १९७६ साली अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांसाठी एक कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. तिकडचा प्रश्न थंडीचा. फटी बुजविणे, भिंतीत व माळ्यावर उष्णतारोधक भरणे, जुनी भट्टी दुरुस्त करणे अशी कामे घरात येऊन करून दिली जातात. आजवर सत्तर लाखांहून अधिक घरांना त्याचा लाभ झाला. त्यातील लक्षात घेण्यासारखा भाग तंत्राचा नाही, पद्धतीचा आहे. पैसा केंद्राचा, पण काम गावोगावच्या स्थानिक संस्थांकडे. तपासनीस घरी येतो, घर पाहतो आणि या घराला आधी काय हवे ते ठरवितो. घरमालकाने विषयातला पंडित व्हावे अशी अपेक्षा नसते. त्याच देशात सुखवस्तू घरांना मिळणाऱ्या करसवलती २०२२ च्या कायद्याने वाढल्या आणि २०२५ च्या कायद्याने त्या वर्षाअखेर संपल्या. सवलती अशा येतात आणि जातात. ज्यांच्याकडे सल्लागार असतात ते वेळेत लाभ घेतात.

आपल्याकडील जुना अनुभव तर अधिक बोलका आहे. ऐंशीच्या दशकात गोबरगॅस आणि निर्धूर चुलींसाठी अनुदाने आली. पुष्कळ ठिकाणी त्यांनी घरे धुरातून सोडविली. पण पुष्कळ ठिकाणी अनुदानापुरता खड्डा खणला गेला, टाकी बसली, फोटो निघाला आणि पुढे दुरुस्तीला कोणी न आल्यामुळे टाकी गंजून गेली. दोष यंत्राचा नव्हता. बसविणारा निघून गेल्यावर विचारायला माणूस उरला नव्हता.

माणूस कोठून आणावा

तो माणूस बाहेरून आणण्याची गरज नाही. अमरावती-अकोल्यात तो गल्लोगल्ली राहतो. निवृत्त कारकुनाला आवक-जावक क्रमांकाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. कोणत्या कागदाची पोच घ्यायची आणि स्मरणपत्र केव्हा द्यायचे हे त्याच्या हातात बसलेले असते. शिक्षकाच्या शब्दाला दोन्ही भाऊ मान देतात, म्हणून संमतिपत्राचा विषय तो काढू शकतो. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे, अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, संत गाडगे बाबांच्या नावाचे विद्यापीठ १९८३ पासून आहे. या सर्वांच्या छायेत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी शिबिरांना जातात. रस्ता झाडणे चांगलेच. पण एखाद्या गावातील पन्नास छते मोजून, सावली कोठून पडते ते टिपून, घराघरातील पंखे आणि कूलर यांचे वॅट लिहून आणणे, ही विद्युत शाखेच्या मुलाला कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा अधिक शिकविणारी गोष्ट ठरेल.

काम मोठे दिसते तेवढे अवघड नाही. शनिवारी दुपारी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवावा. येणाऱ्याने बिल, आधार, पासबुक आणि घराचा कागद आणावा. प्रथम तीन नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत. येथेच निम्म्या लोकांची अडचण कळते, आणि ती कोणाही विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कळते, हे महत्त्वाचे. मग वर्षभराच्या बारा बिलांतील युनिट मांडावे. एका महिन्याच्या बिलावर संच ठरविणे म्हणजे मे महिन्यात शिवलेला कपडा जानेवारीत घालण्यासारखे आहे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनाही येथे वाव आहे. अनुदान संच बसल्यानंतर मिळते. मधल्या काळातील रक्कम उभी करणे हीच अनेकांची खरी अडचण असते. सूर्यघर योजनेसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, तरी पंख्यांसाठी किंवा छताच्या रंगासाठी आठ-दहा हजारांचे छोटे कर्ज बँकेला परवडत नाही. पतसंस्थेला ते परवडते, आणि कर्जदार रोज शिक्षकखोलीत भेटणारा असल्याने वसुलीचीही चिंता नसते.

अशा ठिकाणी खरे सांगण्याचे पथ्य पाळावे लागेल, कारण विक्रेता ते सांगेलच असे नाही. जोडणीला बांधलेला साधा सौर संच वीज गेली की बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आवश्यकच आहे. पण भारनियमनात आपला कूलर चालेल अशा समजुतीने पैसे भरणाऱ्याची निराशा होते. बिल शून्य होते असे जे म्हणतात तेही पूर्ण खरे नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो. उन्हाळ्यात ऊन जितके अधिक तितकी वीजही अधिक, हाही गैरसमज. पट्टी तापली की तिची शक्ती घटते, आणि तिच्यावर धूळ बसली की आणखी. जिनिंगच्या हंगामात कापसाची बारीक तुसे सर्वत्र उडत असतात तेथे आठवड्यातून एकदा पाणी मारण्याला पर्याय नाही. संच बसविणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. ती अट करारात लिहून घ्यावी, त्याच्या गाडीवरच्या फलकावर विसंबू नये. आणि राष्ट्रीय संकेतस्थळावरील नोंदणीला पैसे लागत नाहीत. त्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

सदनिकांत राहणाऱ्यांची कथा थोडी निराळी आहे. अमरावतीत आणि अकोल्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत छत सर्वांचे असल्यामुळे एकट्याने अर्ज करण्यात अडचण येते. मात्र पंप, उद्वाहक आणि जिन्यातील दिवे यांच्या सामायिक विजेसाठी गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी आणि सभा भरायला हवी. पुष्कळ इमारतींत यातली पहिलीच गोष्ट झालेली नाही. बिल्डर अजून कागद देतो आहे.

सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. वारसांच्या सह्या जमवायला एका कुटुंबाला दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ सहज लागतो, कारण सर्व भावंडे एकत्र येण्याचे प्रसंगच तेवढे. संमतिपत्राचा मसुदा तयार असेल तर सणाला आलेली बहीण परत जाण्यापूर्वी त्यावर सही करू शकेल. तो मसुदा, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि नमुना ८ एवढे कागद एका पाकिटात घालून ठेवण्याचे काम या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्गात सुरू करता येईल.